नोकरीतला आतला शीण आणि 'आपलं पितळ उघडं पडेल' ही भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न अशा लोकांचे आहेत ज्यांच्याबद्दल ऑफिसात कोणाला शंकाही येत नाही. हजेरी पूर्ण, काम वेळेवर, अप्रेझलला बरं रेटिंग. त्रास आत असतो, आणि लपवण्यातच निम्मी ताकद जाते.

मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा आणि रात्र एकट्याने काढू नका.

मला नुसता थकवा आहे, बर्नआउट आहे की डिप्रेशन?

दोन रात्री नीट झोप मिळाली आणि एक रविवार कामाविना गेला की थकवा उतरतो. बर्नआउट उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं. दुसरी, कामापासून मन तुटणं: मेल उघडायच्या आधीच चीड येते, 'कोणाला काय फरक पडतो' हे वाक्य दिवसातून चारदा तोंडी येतं. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागतात आणि तरी पाठवायचा धीर होत नाही.

डिप्रेशन कामापुरतं राहत नाही. बर्नआउट असलेल्या माणसाला शनिवारी दुपारी मित्र भेटले की निदान तासभर बरं वाटतं. डिप्रेशनमध्ये मित्र, आवडती भाजी, क्रिकेटची मॅच, मुलाचं बोबडं बोलणं, सगळंच फिकं पडतं. झोप आणि भूक बिघडते, अपराधी वाटत राहतं, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज चालतं.

घरी करता येण्यासारखी एक प्राथमिक चाचणी आहे, पीएचक्यू-९. तिच्यात नऊ प्रश्न असतात, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल, आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलायचं. चाचणीने निदान होत नाही, दार ठोठावायचं की नाही एवढंच कळतं.

बर्नआउट हा आजार आहे का?

नाही. आयसीडी-११ मध्ये त्याला क्यूडी८५ असा क्रमांक आहे, पण तो आजारांच्या यादीत नाही. तो नोकरीशी निगडित प्रकार म्हणून नोंदवलेला आहे, आणि व्याख्येतच म्हटलंय की कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे तो होतो. हा शब्दांचा खेळ नाही. आजार म्हटलं की इलाज माणसाचा होतो, इथे कामाच्या मांडणीचाही करावा लागतो.

हा शब्द या अर्थाने पहिल्यांदा वापरात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर. १९७४ साली त्यांनी मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल लिहिलं. कामचुकारांबद्दल नव्हे, सगळ्यात जास्त झोकून देणाऱ्यांबद्दल.

लोक म्हणतात काम छान आहे. मग एक दिवस आपलं पितळ उघडं पडेल असं रोज का वाटतं?

या भावनेला इंग्रजीत 'इम्पोस्टर', म्हणजे तोतया, हा शब्द रुळला आहे. १९७८ साली पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांमध्ये ती नोंदवली. नंतर ती पुरुषांतही सापडली. हाही आजार नाही. ही हिशेबातली चूक आहे: यश आलं की ते नशिबाच्या, टीमच्या किंवा 'सोपंच होतं'च्या खात्यात जातं, आणि चूक झाली की ती थेट स्वतःच्या नावावर चढते. अशा खातेवहीत शिल्लक कधीच दिसणार नाही.

कौतुकाने हे सुटत नाही. 'त्यांना खरं माहीत नाही म्हणून कौतुक करतात' ही पळवाट मन लगेच काढतं. उपयोग पुराव्याचा होतो.

दर शुक्रवारी दहा मिनिटं एका साध्या वहीत तीन ओळी लिहा. या आठवड्यात काय केलं. त्यातला कोणता निर्णय माझा होता. त्यातून काय झालं, शक्यतो आकड्यात: 'रिकन्सिलिएशनमधल्या ३२ नोंदी जुळत नव्हत्या, २९ जुळवल्या, उरलेल्या ३ शाखेकडे पाठवल्या.' विशेषणं नकोत. 'आम्ही केलं' असं लिहिलं असेल तर त्यात आपला वाटा कोणता तेवढंच ठेवा. वाटा लहान निघाला तर लहान लिहा, पण लिहा. आठ आठवड्यांनी सलग वाचा, आणि वाचताना आपल्या नावाच्या जागी शेजारच्या टेबलावरच्याचं नाव घाला. त्याच्याबद्दल तुम्ही म्हणाला असता का, 'नशीब म्हणून जमलं'? हीच वही पुढे अप्रेझलचा फॉर्म भरताना कामी येते. तो फॉर्म रात्री साडेअकराला आठवून आठवून भरण्यात बरेच लोक दरवर्षी स्वतःचं नुकसान करून घेतात.

दुसरं काम शंकेला बारीक करण्याचं. 'मला काही येत नाही' हे मोजता येत नाही, म्हणून ते खोटंही ठरवता येत नाही. 'मला एसक्यूएलमध्ये तीन टेबलांचं जॉइन लिहिता येत नाही' हे तपासता येतं आणि शिकताही येतं. एका वेळी एकच अशी उणीव घ्या आणि जाणकार सहकाऱ्याकडे १५ मिनिटं मागा. निम्म्या वेळा कळतं की त्यालाही ते बघूनच लिहावं लागतं.

मात्र सगळा दोष मनाचा नसतो. बैठकीत तुमचं बोलणं मध्येच तोडलं जात असेल, तुमची कल्पना दुसऱ्याच्या नावाने पुढे जात असेल, आडनावावरून किंवा गावावरून टोमणे येत असतील, तर शंका तुमच्यात बाहेरून भरली जातेय. तिथे वही पुरत नाही. तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवायला लागा.

मी मराठी माध्यमातला. कोडिंग येतं, पण मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते.

हा प्रश्न हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत सगळीकडे आहे, आणि तो भाषेचा कमी, वेळेचा जास्त आहे. मराठीत सुचलेलं वाक्य डोक्यात इंग्रजी करून, व्याकरण तपासून ओठांवर आणेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. मग गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसण्याचा अर्थ इतर लोक 'ह्याला काही म्हणायचं नाही' असा लावतात.

मीटिंगच्या आधी अजेंडा बघून दोन वाक्यं लिहून ठेवा. आख्खं भाषण नको. एक वाक्य कामाच्या स्थितीचं, एक प्रश्न. पहिल्या दहा मिनिटांतच त्यातलं एक बोलून टाका, कारण जितका उशीर तितका आवाज आत जातो. वाक्य चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करू नका, पुढे चला. ऐकणाऱ्याचं लक्ष 'हॅज' की 'हॅव' यावर नसतं, सर्व्हर कधी सुरू होणार यावर असतं. सुचेपर्यंतचा वेळ मिळवायला एक ठरलेलं वाक्य पाठ ठेवा: 'एक मिनिट द्या, नीट सांगतो' याचं इंग्रजी. मीटिंग संपल्यावर अर्ध्या तासात चार ओळींचा मेल टाका. बोलण्यात निसटलं ते लिहिण्यात भरून निघतं, आणि नोंदीवर तुमचं नाव राहतं.

मोठ्या कॉलपासून सुरुवात करणं ही नेहमीची चूक. आधी दोघा-तिघांच्या कॉलवर तीन-चार आठवडे बोला, मग क्लायंटसमोर.

अजून मेहनत केली तर शंका जाईल ना?

उलट वाढते. शंका आली म्हणून रात्री बारापर्यंत बसलात, काम चांगलं झालं. मनाने नोंद काय केली? 'बारापर्यंत बसलो म्हणून निभावलं.' पुढच्या वेळी साडेबारा. न्यूनगंडातून निघालेली वाट बर्नआउटपाशी पोचते ती अशी. एखादं कमी जोखमीचं काम मुद्दाम ठरलेल्या वेळेत संपवून पाठवा, तिसऱ्यांदा न तपासता. काय होतं ते बघा.

आठवडाभर कोकणात जाऊन आलो. सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा तेच. असं का?

कारण सुट्टी माणसाला मिळाली, कामाला नाही. परत आलात तेव्हा ४०० मेल तसेच, तोच साहेब, तीच डेडलाइन, वर साठलेलं आठवड्याचं काम.

बर्नआउट मोजण्याची सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी प्रसिद्ध केली. पुढे मास्लाक आणि मायकल लायटर यांनी कामातल्या सहा जागा दाखवल्या, जिथे माणूस आणि काम यांचं बिनसतं: कामाचा बोजा, हातात असलेलं नियंत्रण, मोबदला आणि दखल, आजूबाजूची माणसं, न्याय, आणि मूल्यं. सुट्टीचा इलाज फार तर पहिल्या जागेवर चालतो, तोही तात्पुरता. तुमचं दुखणं न्यायाचं असेल, म्हणजे दोन वर्षं काम तुम्ही ओढलंत आणि बढती दुसऱ्याला मिळाली, तर दिवेआगरला पंधरा दिवस राहिलात तरी ते तिथेच असणार. मूल्यांचं दुखणं सगळ्यात लपून राहतं. वयस्कर ग्राहकाला नको असलेली पॉलिसी गळ्यात मारायचं टार्गेट असलेल्या बँक कर्मचाऱ्याला कामाचे तास कमी करून फार फरक पडत नाही.

मग सुरुवात कुठून करू?

दहा कामाच्या दिवसांच्या नोंदीपासून. खिशात मावेल अशी वही घ्या. दिवसातून दोनदा, जेवणाआधी आणि निघताना, दोन-दोन मिनिटं. तीन रकाने: काय केलं, कोणाबरोबर, आणि नंतर कसं वाटलं याचा उणे दोन ते अधिक दोनपर्यंत आकडा. बस.

हे फसतं ते ठरलेल्या तीन कारणांनी. लोक निबंध लिहायला घेतात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतात. किंवा फक्त रात्री लिहितात, आणि शेवटच्या वाईट तासाचा रंग आख्ख्या दिवसाला लागतो. तिसरं, नोंद कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या चॅटमध्ये ठेवतात. तसं करू नका, ती यंत्रणा कंपनीची आहे.

दहा दिवसांनी सगळे उणे दोन एकत्र काढा आणि प्रत्येकापुढे वरच्या सहांपैकी एक जागा लिहा. बहुतेकांना वाटत असतं की सगळंच काम नकोसं झालंय. कागदावर मात्र दोन-तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: एक विशिष्ट रिव्ह्यू, एक विशिष्ट माणूस, रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल. आख्खी नोकरी बदलणं अवघड असतं, एका कॉलची वेळ बदलून मागता येते.

साहेबांना सांगावं का? आणि किती?

मनातलं सगळं सांगायची गरज नाही. कामाचं सांगा, तेही आकड्यात. 'मला जमत नाही' आणि 'हे वेळेत बसत नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात चर्चा तुमच्यावर सुरू होते, दुसऱ्यात वेळापत्रकावर.

साधारण असं बोलता येईल: 'सर, सध्या माझ्याकडे चार कामं आहेत: महिन्याचा रिपोर्ट, ऑडिटची उत्तरं, डेमो आणि रोजचा सपोर्ट. चारही मिळून ६० तासांचं काम आहे, आठवड्यात माझ्याकडे ४५ आहेत. डेमो आणि ऑडिट या आठवड्यात देतो. रिपोर्ट पुढच्या बुधवारी चालेल, की सपोर्ट दुसऱ्या कोणाकडे देता येईल?' शेवटी पर्याय दोनच ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. 'सगळंच हवं' असं उत्तर आलं तर शांतपणे एकदा विचारा, 'मग आधी कोणतं?' त्याच दिवशी ठरलेलं तीन ओळींच्या मेलने पाठवा. तोंडी ठरलेलं महिनाअखेरीस कोणालाच आठवत नाही.

वेळही बघा. शुक्रवारी सहाला किंवा रेटिंग ठरायच्या आठवड्यात हा विषय काढू नये. मंगळवार किंवा बुधवार, जेवणाआधी, २० मिनिटं मागून घेऊन. साहेबच त्रासाचं मूळ असेल तर त्याच्या वरच्या माणसाकडे जाण्याआधी दहा दिवसांची नोंद हातात असू द्या.

तब्येतीचं काही सांगायचं झालं तर 'माझी तब्येत बरी नाही, डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत' एवढं पुरतं. पुढचं सांगणं न सांगणं तुमच्या मर्जीवर.

कंपनीच्या मोफत समुपदेशन सेवेत बोललेलं एचआरपर्यंत पोचतं का?

मोठ्या कंपन्या ही सेवा बाहेरच्या संस्थेकडून घेतात. किती जणांनी वापरली याचा आकडा कंपनीला जातो, नावं जाऊ नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार देणाऱ्याने माहिती गुप्त ठेवायची असते. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे. तरी पहिल्याच फोनवर चार गोष्टी विचारा: कंपनीला नेमकं काय कळवता, नोंदी कोणाकडे राहतात, एकूण किती सत्रं मिळतील, आणि ती संपल्यावर पुढे कोणाकडे पाठवता. फोन स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या मेल आयडीने करा.

एचआर वेगळं. एचआर कंपनीचं काम करतं. रजेचे नियम, बदली, तक्रारीची पद्धत यांसाठी तिथे जावं. मन मोकळं करायला नको.

रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर काम येतं. उत्तर न देणं हा माझा हक्क आहे का?

भारतात तसा कायदा अजून नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये असा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे.

म्हणून सध्या हा प्रश्न वाटाघाटीचा आहे. 'रात्री नऊनंतर मी मेसेज बघत नाही, खरंच तातडीचं असेल तर फोन करा' हे एकदा टीमला सांगा. फोन करायला लोक मेसेजपेक्षा खूप जास्त कचरतात, त्यामुळे तातडीची कामं आपोआप घटतात. ऑफिसच्या ग्रुपचे नोटिफिकेशन बंद, घरच्यांचे चालू. आणि स्वतः रात्री उत्तर देणं आधी थांबवा. तीनदा 'ओके सर' गेलं की तोच तुमचा वेळ ठरतो.

लॅपटॉप मिटला तरी डोकं चालूच राहतं.

अर्धवट सोडलेलं काम मन धरून ठेवतं. निघायच्या आधी दहा मिनिटं राखून उरलेल्या प्रत्येक कामापुढे 'उद्याची पहिली पायरी' लिहा. 'रिपोर्ट' असं नको. 'रिपोर्टचा तिसरा तक्ता मार्चच्या आकड्यांनी भरणे' असं. घरून काम करत असाल तर लॅपटॉप नजरेआड जाईल असा कपाटात ठेवा. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार, पण कपाटाचं दार असतंच.

चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही रक्तात असतो, म्हणजे सहाच्या कॉफीचा निम्मा भाग अकराला जागाच असतो. झोप यावी म्हणून घेतलेल्या पेगने झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते.

मी नर्स आहे. कामापेक्षा दिवसभर चेहरा हसरा ठेवण्याने जीव जातो.

काउंटरवरचे कारकून, शिक्षक, हॉटेलातले, कॉल सेंटरवाले यांचीही हीच तक्रार असते. १९८३ साली समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या सेविकांच्या कामावरून या श्रमाला नाव दिलं: भावनिक श्रम. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं हे जितके तास चालतं, तितका शीण. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र या कामाची ओळ कुठेच नसते.

उपाय लहान पण नेमके हवेत. दर दोन-अडीच तासांनी पाच मिनिटं अशा जागी जिथे रुग्ण किंवा गिऱ्हाईक दिसत नाही आणि चेहरा सैल सोडता येतो. अवघड प्रसंग, एखादा मृत्यू किंवा नातेवाइकांची शिवीगाळ झाली की त्याच ड्यूटीत सहकारिणीशी दहा मिनिटं: काय झालं, काय करता आलं, काय हाताबाहेर होतं. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरकडे मागणी करायची ती पाळीपाळीने जागा बदलण्याची. रोज आयसीयू किंवा रोज तक्रार खिडकी एकाच माणसाच्या वाट्याला नको.

घरचे म्हणतात, 'सगळ्यांनाच ताण असतो. आमच्या वेळी काय नव्हता?'

वाद घालू नका, एक काम मागा. 'मला बर्नआउट झालंय' हे आईबाबांना हवेतलं वाटतं. 'तीन आठवडे रात्री तीनला जाग येते, डॉक्टरांकडे जायचंय, शनिवारी मुलाला सांभाळाल का?' हे कळतं. बायकांना ऑफिसनंतर स्वयंपाक, अभ्यास, सासूबाईंची औषधं ही दुसरी पाळी असते. वरच्या नोंदवहीत तीही लिहा, नाहीतर हिशेब निम्माच होतो.

रक्ततपासणी करावी का?

हो, आणि आधी. थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय, बी१२ ची कमतरता, वाढलेली साखर या सगळ्यांत थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड दिसते. शाकाहारी माणसांत बी१२ कमी असणं फार सामान्य आहे. फॅमिली डॉक्टरांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइड), बी१२, व्हिटॅमिन डी आणि एचबीए१सी (साखरेची सरासरी) करायचं का ते विचारा. घोरणं मोठं असेल आणि रात्रभर झोपूनही सकाळी डोकं जड असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा तो प्रकार असू शकतो.

जायचं कोणाकडे?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, थेरपी आणि चाचण्या करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारायला संकोच नको. समुपदेशक या नावाची पाटी मात्र कोणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण काय ते विचारा. झोप, भूक, रडू आवरेनासं झालं असेल तर पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार ओपीडीत केसपेपरचा खर्च नाममात्र असतो. थांबावं लागतं, एवढंच.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. दहाव्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून किंवा दोन महिन्यांनी 'बरं वाटतंय' म्हणून एकदम बंद करणं ही सर्वात जास्त होणारी चूक. कमी करायच्या तर डॉक्टर सांगतील तशा, हळूहळू.

आजारपणाची रजा आणि विमा?

सर्टिफिकेटवर निदान सविस्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. 'माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक दिवस विश्रांतीची गरज' असं लिहून देता का, हे डॉक्टरांना विचारा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल, तर हप्त्यांची अट पूर्ण झाल्यास प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्याचं लागतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीची फी खिशातूनच जाते. आपल्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते पाहून ठेवा.

राजीनामाच द्यावा का?

सगळ्यात वाईट आठवड्यात ठरवू नका. आधी नोंदवहीतून निघालेली एक गोष्ट बदलून सहा ते आठ आठवडे बघा. दोन अपवाद: लैंगिक छळ आणि बेकायदा काम करायला लावणं. छळाच्या बाबतीत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, नोकरी सोडण्याआधी हे ध्यानात असू द्या.

सोडायचंच ठरलं तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, गृहकर्जाच्या हप्त्यासकट. कंपनीचा ग्रुप विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो, आईवडील त्यात असतील तर स्वतःची पॉलिसी आधी घ्या. नोटीस ९० दिवसांची आहे का ते नेमणूकपत्रात बघा. रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय भांडून निघू नका, पुढच्या कंपनीला तेच लागतं.

मी टीम लीड आहे. माझ्या टीममधलं कोणी आतून खचत असेल तर कळणार कसं?

आरडाओरडा करणाऱ्यावर आपलं लक्ष असतंच. बघायचं ते गप्प झालेल्या चांगल्या माणसाकडे. रात्री दीडचे मेल, वाया जाणाऱ्या रजा, एकेका दिवसाची अचानक आजारपणं, विनोदात आलेला कडवटपणा, कधीच न चुकणाऱ्याच्या बारीक चुका. दिसलेलं तेवढं सांगून विचारा: 'गेल्या तीन आठवड्यांत तुझे मेल रात्री एकनंतर येताहेत. काम जास्त झालंय, की दुसरं काही?' मग थांबा. 'तुला डिप्रेशन आलंय का' असं विचारू नका, निदान तुमचं काम नाही. ऐकल्यावर त्याच आठवड्यात एक काम लेखी कमी करा. यात नेहमी फसतं ते असं: दया म्हणून आवडतं, मानाचं काम काढून घेतलं जातं आणि सपोर्टची तिकिटं त्याच्याकडेच राहतात.

महिनाभराच्या रजेनंतर परत जातोय. पहिला आठवडा कसा काढू?

जमलं तर बुधवारी किंवा गुरुवारी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो. पहिल्या दिवशी जुने मेल वाचत बसू नका. साहेबांकडून १५ मिनिटांत 'आत्ता चालू असलेली तीन कामं' विचारून घ्या, बाकीचं विषयानुसार शोधून लागेल तसं उघडा. पहिले दोन आठवडे रात्रीचे कॉल नकोत हे रजेवर असतानाच मेलने मागून ठेवा. 'कुठे होतास, काय झालं होतं?' याचं उत्तर घरून ठरवून निघा: 'तब्येत बिघडली होती, आता बरं आहे. चल, चहा घेऊ.' डॉक्टरांची पुढची भेट रुजू झाल्यापासून दहाव्या दिवसाच्या आसपास, आणि तिची वेळ जाण्याआधीच घेतलेली असू द्या. एकदा काम सुरू झालं की ती वेळ घ्यायची राहून जाते.